म्हाताऱ्या माणसाची सेवा : हिशेब मांडा, हक्क मागा

(तारकर्ली, ता. मालवण येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून काजूच्या भावावर बोलणे झाले, माकडांच्या उपद्रवावर झाले. आता ज्या कामाबद्दल बोलायचे आहे त्याला कुठल्याच बाजारात भाव नाही. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्या घरची बाई आज या मंडपात नाही. तिला घर सोडता आले नाही. म्हणून तिच्या वतीने हा विषय आम्ही मांडतो आहोत.

२००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार माणसे होती. २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार राहिली. देशाची लोकसंख्या वाढत होती आणि आपला जिल्हा आटत होता. हजार पुरुषांमागे बाया १०३६. याचा अर्थ सांगायला पंडित नको. शेतीत भागत नाही म्हणून मुलगा मुंबईला गेला. मागे आये, बापूस आणि त्यांना सांभाळणारी सून राहिली. हात गेले, काम मागे राहिले.

सरकार काय देते, ते तीन ढीग करून पाहू.

पहिला ढीग पैशाचा. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या गरीब माणसाला श्रावणबाळ योजना, त्याहून कमी वयाच्या निराधाराला संजय गांधी योजना. २०२३ पासून महिना १५०० रुपये. मात्र दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपये. एवढ्यात कुटुंब जगते कसे, हे दाखला मागणाऱ्याने एकदा सांगावे! शेतकऱ्याच्या पेन्शनची म्हणून २०१९ मध्ये मानधन योजना आली, पण तिच्यात नाव घालायचे वय १८ ते ४०. आज जो सत्तरीत आहे, त्याच्यासाठी ती नाहीच.

दुसरा ढीग साधनांचा. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठी एकदाच तीन हजार रुपये. अर्ज समाजकल्याण खात्याकडे करायचा. कमोड खुर्चीला हसू नका. ज्या सुनेने सासऱ्याला उचलून परसात नेले आहे, तिला तिची किंमत विचारा.

तिसरा ढीग माणसाचा, आणि तोच सर्वांत लहान. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. अंथरुणावरच्या वृद्धाला उपकेंद्राच्या आरोग्यसेवकाने घरी जाऊन पाहावे, असे त्यात लिहिले आहे. किती घरांना हे ठाऊक आहे? आणि ती भेट झाली तरी ती तपासणीची. रोज अंघोळ घालायला, कूस बदलायला, भरवायला कोण? सत्तरीपुढच्या माणसाला २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत इलाज आहे, पण रुग्णालयात दाखल केले तर. तेच माणूस घरी पडून असेल, तर त्या कार्डावर काही नाही.

शेतमालाच्या उत्पादनखर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. तोच हिशेब इथे लावू. पडलेल्या माणसामागे रोजचे चार तास धरा. महिन्याला १२० तास, म्हणजे आठ तासांच्या रोजाने १५ रोज. पेन्शनचे सगळे १५०० रुपये त्या बाईच्या हातावर ठेवले, तरी रोज पडतो शंभर रुपये. आणि त्याच पैशांतून म्हाताऱ्याचे औषध आणि पेज भागवायची आहे.

हे जगात सगळीकडे असेच नाही. जर्मनीत १९९५ पासून सेवेचा वेगळा विमा आहे. घरच्याच माणसाने सेवा केली तरी रोख मिळते. जर्मनी लांबची वाटत असेल तर केरळ पाहा. तिथे २००८ मध्ये धोरण ठरले आणि पंचायतीमार्फत नर्स घरोघर जाऊ लागली. पूर्णवेळ सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला ‘आश्वासकिरणम्’ योजनेत महिना ६०० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी आहे, पण सेवा हे काम आहे, हे सरकारने मान्य केले. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही, ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. फक्त ‘आर्थिक कुवतीनुसार’ हा शब्द घालून सरकारने पळवाट ठेवली आहे.

आता करायचे काय?

माती न तपासता खत टाकू नये, हे आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. तसेच इथे. प्रत्येक वाडीत यादी करा आणि सहा प्रश्न विचारा : अंघोळ, कपडे, शौचाला जाणे, उठबस, लघवी-शौचावर ताबा, जेवण. यातले किती स्वतःचे स्वतः होते? ही यादी हातात असली की आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला लेखी विचारता येते : या घरांची भेट कोणत्या तारखेला?

पक्षाघाताने हातपाय गेलेल्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र काढा. म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारा.

तहसीलच्या फेऱ्या, बँकेचे आधार, हयातीचा दाखला ही कामे म्हाताऱ्यावर टाकू नका. वाडीतल्या दोन पोरांनी वाटून घ्या. पावसाळ्यात होड्या आणि पर्यटन बंद असते, तेव्हाच ही कामे उरका.

चाकरमान्यांना एक निरोप. गणपतीला याल तेव्हा मोदकांबरोबर हा हिशेबही होऊ द्या. जो भाऊ सांभाळत नाही त्याने पैसे पाठवावेत, आणि ते सांभाळणारीच्या नावावर यावेत.

शेवटचे, पण तारकर्लीत सर्वांत महत्त्वाचे. किनाऱ्यावरच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे बक्षीसपत्र करताना ‘मला सांभाळायचे’ ही अट त्यात लिहून घ्या. अट लिहिलेली असेल आणि ती मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येते. पोटगीसाठीही प्रांताकडे अर्ज करता येतो; महिना दहा हजारांपर्यंत मिळू शकते. कुठे जायचे कळत नसेल तर १४५६७ या फोनवर विचारा.

आमची मागणी साधी आहे. उत्पन्नाची २१ हजारांची अट काढा. उपकेंद्राची घरभेट कागदावरून दारात आणा. काळजीवाहू भत्ता सेवा करणाऱ्या बाईच्या खात्यात जमा करा. ही भीक नाही, झालेल्या कामाचे दाम आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वाडीने आपली यादी आणावी, आणि ती बाई इथे येऊन बसू शकेल, यासाठी त्या दिवशी तिच्या घरी कोण थांबणार, तेही ठरवून यावे.