धूर पांढरा आणि धूर निळा

श्रोतेहो, ओलं सरपण चुलीत सारलं की डोळ्यांचं काय होतं, हे तुम्हांला मी सांगायला नको. अमेरिकेत मांस-मासळीला धुरी देण्यासाठी गॅसवर तापणारी लोखंडी पेटी असते. तिथंही हीच फजिती होते. हिकरीच्या किंवा सफरचंदाच्या लाकडाच्या ढलप्या ज्योतीवरच्या तबकात ठेवतात. पुष्कळजण त्या आधी भिजवतात. मला काही ते पटत नाही. पाणी उडून जाईपर्यंत लाकूड १०० अंशांपुढे फारसं तापतच नाही. तोवर निघते ती बहुतेक वाफच! त्यात हवा कोंडली की दाट पांढरा धूर उठतो नि मासळी कडू होते. तेव्हा ढलप्या सुक्या घ्याव्यात, मूठभरच घालाव्यात, वरचा झरोका उघडा ठेवावा. धूर विरळ, निळसर दिसला म्हणजे मासळी आत ठेवावी. पेटी मात्र उघड्या अंगणातच हवी. धुराबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास.