यंत्राने वाचवलेला वेळ कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषी बाईंना बोलावून त्यांचे व्याख्यान ठेवायचे, हा आपल्या मंडळाचा नेहमीचा परिपाठ आहे. यंदा आपल्यापैकीच एकीने बोलावे असे ठरले आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. परंतु सध्या ज्या गोष्टीवरून आपल्या मंडळात दोन तट पडले आहेत, त्या चपातीच्या यंत्राविषयी मला जे वाटते ते आपणांपुढे मोकळेपणाने मांडते. कोणास राग आला तर तो चहाच्या वेळी काढावा, मध्येच उठून जाऊ नये, एवढीच विनंती.

आजकाल वर्तमानपत्र उघडले की यंत्राची एखादी तरी बातमी असतेच. 2022 च्या नोव्हेंबर महिन्यात चॅटजीपीटी नावाचे यंत्र सर्व लोकांसाठी खुले झाले. त्याला काही विचारले की ते लिहून उत्तर देते, अर्ज लिहून देते, मराठीतही बोलते. तेव्हापासून कोणी लिहितो की आता कारकुनांच्या नोकऱ्या जाणार, कोणी लिहितो की जुन्या गेल्या तरी नव्या येतील. दोन्ही बाजूंचे लोक माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेले आहेत, त्यांच्या वादात मी पडत नाही. पण माझी मुलगी हिशोबाचे शिक्षण घेत आहे. ती परवा मला म्हणाली, “आई, मी शिकून बाहेर पडेपर्यंत हे काम माणसांकडे राहील का गं?” या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. मात्र यंत्र आले म्हणजे बाईचे काय होते, हे या गावात राहून मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेवढे मी तिला सांगितले आणि आज तुम्हांलाही सांगते.

आपल्या इचलकरंजीला यंत्र नवे नाही. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्यांना पाठबळ होते. त्यापुढे हातमाग मागे पडले हे खरे, पण यंत्रमागावरच हे गाव वाढले. माग आले नसते तर इथे बसलेल्या निम्म्या जणी सून म्हणून या गावात आल्याच नसत्या. म्हणून यंत्राला सरसकट नावे ठेवणे आपल्या तोंडी शोभत नाही.

परंतु याच गावातली दुसरी गोष्टही ऐका. साध्या मागावर आडवे सूत धोट्यातून जाते. धोट्यात कांडी असते, तिच्यावरचे सूत संपले की दुसरी भरलेली कांडी लावावी लागते. या कांड्या भरण्याचे काम पुष्कळ ठिकाणी बायकाच करीत. माझी आई हे काम करीत असे आणि शाळा सुटली की मीही तिच्याजवळ जाऊन बसत असे. पुढे बिनधोट्याचे माग आले. रेपियर मागावर सूत पकडून पलीकडे ओढून नेले जाते, एअरजेट मागावर हवेच्या झोताने फेकले जाते. दोहोंतही सूत सरळ कोनावरून येते. धोटा गेला तशी कांडी गेली आणि कांडी गेली तशी कांडी भरणारीही गेली. साधे माग गावात अजून आहेत, पण ज्या खात्यात नवे माग बसले तेथे हे काम उरले नाही.

आई ज्या खात्यात कामाला होती, तेथेही असेच झाले. नवे माग आले तेव्हा मागवाल्यांपैकी काहींना त्यावर शिकवून घेतले. कांड्या भरणाऱ्या सात बायकांना मात्र पगाराच्या दिवशी “उद्यापासून येऊ नका” एवढेच सांगितले. त्यांतल्या एकीचेही नाव हजेरीपटावर नव्हते. काम केल्याचा कागद नाही, म्हणून दाद मागायला जाणार कोठे? गरज सरो आणि वैद्य मरो, तशातली गत झाली. आईने पुढे घरोघरी धुणेभांडी धरली. नव्या मागावर कापड चांगले निघाले, जास्त निघाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच की त्या सात जणींना नवे काम शिकवून पाहावे, हे कोणाच्या मनातही आले नाही.

मुंबईच्या गिरण्यांतही हेच झाल्याचे वाचायला मिळते. शंभर वर्षांपूर्वी तेथे शंभर कामगारांत वीसच्या आसपास बायका होत्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्या मोठ्या संख्येने काम करीत. 1929 साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु सूत गुंडाळण्याची वेगवान यंत्रे आली, थोड्या माणसांत जास्त काम काढण्याच्या योजना आल्या आणि त्यांत बायकांची कामे आधी गेली. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, त्या वेळी अडीच लाखांच्या घरातल्या कामगारांत बायका अगदी थोड्या उरल्या होत्या.

त्याच गिरणगावात आणखी एक काम बायकांच्या हाती होते. एकट्याने राहणाऱ्या कामगारांना त्या रांधून घालीत. भांडवल सावकाराचे आणि कष्ट यांचे, असा तो व्यवहार. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. काम पूर्वीचेच, चूलही पूर्वीचीच. पण नाव कागदावर आले, हिशोब हाती आला, आणि चार माणसांत बोलण्याची हिंमत आली. आपले चपाती-भाजी केंद्र जरी लहान असले तरी ते याच वाटेवरचे आहे, असे मी मानते.

आता घरातल्या यंत्रांकडे वळू. गॅस आला, कुकर आला, मिक्सर आला, काहींकडे कपडे धुण्याचे यंत्रही आले. या प्रत्येकाने आपले हात वाचवले. जात्यावर पीठ काढणाऱ्या आजीला आपण मिक्सरला नावे ठेवताना दिसलो तर ती आपल्याला हसेल. पण वाचलेला वेळ गेला कोठे? आपला दिवस कशात जातो याची पाहणी सरकारने 2019 साली आणि पुन्हा 2024 साली केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ 2019 साली सरासरी 299 मिनिटे होता, तो 2024 साली 289 मिनिटे झाला. असे काम करणाऱ्या पुरुषांचा वेळ 97 मिनिटे होता, तो 88 झाला. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटे कमी झाली आणि ज्यांच्याकडे मुळात थोडे काम होते त्यांचीही नऊ मिनिटे कमी झाली! मुलाबाळांचे आणि म्हाताऱ्यांचे करणे यात धरलेलेच नाही.

मला वाटते, याचे कारण आपण नीट पाहावे. कपडे यंत्रात धुतले जाऊ लागले, तसे रोज दोन-दोन कपडे बदलले जाऊ लागले. मिक्सर आला, तशी रोज ताजी चटणी हवीशी झाली. वेळ उरला की त्यावर घरातले दुसरे कोणी तरी हक्क सांगते, कारण तो आपला आहे असे आपणच कधी म्हटले नाही. यंत्र आणताना त्याची किंमत आणि हप्ता यांविषयी घरात चार दिवस चर्चा होते. वाचणाऱ्या तासाचे काय करायचे, याविषयी चार वाक्येही होत नाहीत.

हे सर्व मनात धरून आता आपल्या चपातीच्या यंत्राकडे या. केंद्रावर आज आठ जणी काम करतात. पाच जणी लाटतात, तिघी मळणे, भाजणे आणि बांधणे पाहतात. सकाळी 6 ते 10 या चार तासांत 1000 चपात्या होतात. चपातीमागे मजुरी 1 रुपया 60 पैसे, म्हणजे दिवसाचे 1600 रुपये, ते आठ जणींत सारखे वाटले की प्रत्येकीला 200 रुपये. यंत्रवाल्याने जो कागद दिला आहे त्यात ताशी 800 चपात्या लिहिल्या आहेत. ते खरे धरले तर आपले काम सव्वा तासात होईल आणि तीन बायका पुऱ्या पडतील. राहिलेल्या पाच जणींचे काय, यावरच आपला वाद आहे.

एक बाजू म्हणते, यंत्र नकोच. मला हे पटत नाही. आपल्या केंद्रावरच्या एक मावशी सुरुवातीपासून लाटणे फिरवीत आहेत. आता त्यांना रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाही. हाताच्या चपातीची चव निराळी, हे खाणाऱ्याने म्हणायला ठीक आहे, खांदा मात्र मावशींचा दुखतो. दुसरी बाजू म्हणते, यंत्र घ्यावे, तिघींना ठेवावे आणि बाकीच्यांनी दुसरे काही पाहावे. हे तर मला मुळीच पटत नाही. तसे केले तर त्या खात्याच्या मालकात आणि आपल्यात फरक काय राहिला? मंडळ बायकांचे म्हणायचे आणि बायकांनाच पगाराच्या दिवशी “उद्यापासून येऊ नका” म्हणून सांगायचे, हे शोभणार नाही.

म्हणून मी घरी बसून वहीत हिशोब मांडला. यंत्राचा हप्ता आणि विजेचा खर्च मिळून दिवसाचे 500 रुपये धरू. ते मजुरीतून काढले तर 1100 रुपये उरतात आणि आठ जणींना प्रत्येकी साडेसदतीस वर शंभर, म्हणजे 200 च्या जागी सुमारे 137 रुपये पडतात. काम थोडे झाले तरी ही तूट गरिबाच्या घरात जाणवणारी आहे. पण आपल्याला रोजच्या 325 चपात्यांची जादा मागणी मिळाली तर त्यांची मजुरी 520 रुपये होते आणि हप्ता भागून प्रत्येकीचे 200 रुपये कायम राहतात. एकूण 1325 चपात्या यंत्रावर पावणेदोन तासांच्या आत होतील. मळणे, बांधणे आणि यंत्र धुणे धरले तरी आठही जणी साडेआठपर्यंत मोकळ्या होतील. जादा मागणीसाठी वसतिगृहे आहेत, कारखान्यांच्या जेवणघरांत विचारता येईल. तेव्हा आधी मागणी आणावी, मग यंत्र आणावे. यंत्र आधी आणले तर हप्ता आपली वाट पाहत थांबणार नाही.

आणखी दोन गोष्टी सांगते. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे असे त्यांत आहे, आणि मोबाइलवरून मिळणारी कामे करणाऱ्यांचाही त्यांत उल्लेख आला आहे. आपल्यासारख्या छोट्या केंद्राला त्यातले काय लागू होते ते जाणत्यांना विचारून घेऊ. परंतु त्यासाठी थांबण्याची गरज नाही. आठ जणींची नावे, कामावर लागल्याची तारीख आणि रोजची हजेरी एका वहीत लिहायला कोणाची परवानगी लागते? शंभर पानी वही आपण उद्याच आणू शकतो.

दुसरी गोष्ट शिकण्याची. यंत्र चालवायला एखादा मुलगा ठेवावा, अशी सूचना आली आहे. माझा त्यास विरोध आहे. यंत्र ज्याच्या हाती, त्याच्याच शब्दाला पुढे वजन येते. बटणांवर इंग्रजी अक्षरे असतील तर त्यांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवू. मोबाइलवर पैसे घ्यायला आपण शिकलोच ना? तेव्हाही हे बायकांना जमायचे नाही असे म्हणणारे होतेच. मावशींसह आठही जणींनी ते यंत्र चालवायला, उघडायला आणि पुसायला शिकावे, आणि पाळीपाळीने चालवावे.

मग ते जे दीड तास वाचतील, ते ज्यांचे त्यांचे असावेत. कोणी झोप काढील, कोणी नातवाला शाळेत पोचवील, कोणी वाचायला शिकेल. त्याचा जाब मंडळानेही विचारू नये आणि घरच्यांनीही.

मुलीच्या प्रश्नाला मी अखेर एवढेच म्हटले की, कोणते काम राहील हे मला सांगता येत नाही, पण जेथे काम करशील तेथे नाव लिहून घे, हिशोब समजून घे आणि नवे यंत्र आले की पहिल्या दिवशी त्याच्यापुढे जाऊन उभी राहा.

तरी अध्यक्षबाई, पुढील ठराव सभेपुढे ठेवते. केंद्रावर हजेरीची वही सुरू करावी. रोजच्या 325 जादा चपात्यांची मागणी पक्की झाल्यावरच यंत्र घ्यावे. यंत्र आल्यावर आठांपैकी एकीलाही कमी करू नये, आणि आठही जणींना ते शिकवावे. याला अनुमोदन कोण देते ते आता पाहायचे आहे.