यादीबाहेरची माणसं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेत असताना मी या स्टेजवर एकदाच आले होते, तेही कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला. आज माईकसमोर उभी आहे, तर एक अनुभव सांगते. घडला चाकणला, पण त्याचं मूळ इथलं आहे.

एमएसडब्ल्यू करताना मी तिथल्या एका कारखान्यात दोन महिने इंटर्न होते. पहिल्याच आठवड्यात एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "आपल्याला वेलनेस डे करायचाय. सगळं तूच बघ." मला वाटलं, त्यात काय! सकाळी योगासनं, मग डॉक्टरांचं भाषण, तपासणी, दुपारच्या जेवणात सॅलड.

प्रत्यक्षात कारखाना तीन शिफ्टमध्ये चालतो आणि लाइन थांबवता येत नाही. रात्रभर उभं राहून सकाळी सातला सुटणारा माणूस सूर्यनमस्कार घालायला थांबेल का? म्हणून तिसऱ्या शिफ्टची तपासणी सातलाच गेटजवळ ठेवली. बाकीच्यांना सुपरवायझरनी दहा-दहाच्या गटाने सोडायचं ठरलं.

तरी नावं येईनात. शेवटी एका ऑपरेटरने हळूच विचारलं, "मॅडम, बीपी निघालं तर मशीनवरून काढतील का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मॅडमच्या मागे लागून नोटीस काढून घेतली : रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्यालाच मिळेल, ऑफिसकडे फक्त एकूण आकडे जातील. दोन दिवसांत यादी भरली.

कार्यक्रमाच्या दिवशी कॅन्टीनचे काका डॉक्टरांना चहा घेऊन आले. ट्रे खाली ठेवून म्हणाले, "ताई, माझं पण बघाल का?" नर्सने पट्टा बांधला, आकडा पाहिला, पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं. 190/110. आकडा 140/90 च्या पुढे राहिला तरी डॉक्टर बीपी वाढलंय म्हणतात. काका म्हणाले, "डोकं दुखतं कधीमधी, झोप होत नाही म्हणून असेल." डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं.

पाकिटावर नाव घालायला मी यादी उघडली, तर काकांचं नावच नाही. कॅन्टीन, सफाई, सिक्युरिटी, लोडिंग, यांतलं कोणीच यादीत नव्हतं. ते सगळे कंत्राटदाराचे. यादी मला ऑफिसने दिली होती हे खरं, पण मी ती न विचारता घेतली होती. तेव्हाच्या कारखाने कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही येत असे, हे मी परीक्षेत व्यवस्थित लिहून आले होते. रोज त्यांच्या हातचा चहा पिताना मात्र ते आठवलं नाही.

मी मॅडमकडे आणखी एक दिवस मागितला. अर्धा मिळाला. रक्ततपासणीला पैसे मिळाले नाहीत. फक्त वजन आणि बीपी. त्या अर्ध्या दिवसात आलेल्या काही जणांनी आयुष्यात पहिल्यांदा बीपी मोजलं होतं. माझ्या शेवटच्या दिवशी काकांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली आणि म्हणाले, "चालू आहेत बरं का!"

त्या रात्री मला आपली शाळा आठवली. दरवर्षी आरोग्य तपासणीला डॉक्टर यायचे. आपल्या रांगा संपल्या की पीटीचे सर शिपाईमामांना आणि खिचडी करणाऱ्या मावशींना बोलावून खुर्चीवर बसवायचे. म्हणायचे, "डॉक्टर, ही पण आमच्याच शाळेची माणसं." मावशी पदर तोंडाला लावून लाजायच्या आणि आपण खिदळायचो. सर, तुम्ही आज समोर बसला आहात. तुम्ही काय करत होतात, ते मला चाकणला कळलं, आणि तेही उशिरा.

जाता जाता संयोजकांना एक विनंती. आजच्या जेवणाच्या नियोजनात मामा आणि मावशी वाढायला आहेत, असं मघाशी कळलं. त्यांना पहिल्या पंगतीला आपल्याबरोबर बसवू या. वाढायला मी उभी राहते. सतरंज्याही मीच गुंडाळेन, सवय आहे.