गरिबीची सबब



आर्थिक आणि सामाजिक हक्कांच्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत. कुणी पहाटेची एसटी धरून, कुणी लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून बोईसरला आलात. आपण आलात, यातच आमच्या कष्टांचं चीज झालं.

वाटेत पालघरला उतरलेल्यांनी हुतात्मा स्तंभ पाहिला असेल. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १० ऑक्टोबर १९४५ ला, तलवाड्यात पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. या वेळी समोर वारली होते. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी तिथे पडले. वेठ बंद करा, लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायकोला सावकाराच्या दारी राबवणारी लग्नगड्याची चाल मोडा, गवतकापणीला पुरेशी मजुरी द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. किसान चळवळीतले गोदूताई आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत उभे राहिले होते. हे दोन्ही गोळीबार मला एकाच स्वातंत्र्यलढ्यातले वाटतात. स्तंभासमोर हात जोडताना तलवाड्याचीही आठवण ठेवा, ही माझी विनंती.

आता मुद्द्याचं बोलतो. देश गरीब आहे, आधी तिजोरी भरू द्या, हक्कांचं मग बघू, हे उत्तर आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या कचेरीत ऐकलं आहे. राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, हे कलम ३७ मध्येच लिहिलं आहे. पण त्याच कलमात ती राज्यकारभाराचा पाया आहेत, असंही म्हटलं आहे. ती डावलणाऱ्या सरकारला मतदारांपुढे जाब द्यावा लागेल, असं बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं. तो जाब विचारायचा कुणी? आपणच.

आणि गरिबीच्या सबबीला महाराष्ट्राने स्वतःच एकदा सडेतोड उत्तर दिलं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात तिने माणसं जगवली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम द्यायचं, तर पैसा आणायचा कुठून? १९७५ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला, आणि त्यातून जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःकडून घालायची असं ठरलं. इथल्या एमआयडीसीतल्या कामगारांना तो कर चांगला ठाऊक आहे. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या खडी फोडणारीला मजुरी मिळू शकते, हे या राज्याने करून दाखवलं. तेव्हाचा देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता!

आजचं चित्र पाहा. वाढवणच्या बंदराला ७६,२०० कोटी रुपये मंजूर होतात. मुंबईची तहान भागवणारं मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या हद्दीत आहे, आणि उन्हाळा लागला की मोखाड्याच्याच बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. तारापूरची अणुवीज १९६९ पासून देशाला मिळते आहे. तिच्या पुढच्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सर्वांत प्रदूषित ठरली. नवापूरच्या समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्यावर मांगेला समाजाची परिषद हरित लवादाकडे गेली. ती नेटाने लढली, तेव्हा कुठे २०२२ मध्ये कारखान्यांवर कोट्यवधींची भरपाई बसली. संपत्ती या जिल्ह्यातून रोज वाहते आहे. ती ज्यांच्या अंगणातून जाते, त्यांच्या वाट्याला काय येतं, हे विचारण्यासाठी आपण जमलो आहोत.

दुपारच्या सत्रासाठी एक विषय आमच्या समितीकडून मांडतो. दिवाळी सरली की आपल्याकडची कातकरी, वारली कुटुंबं उचल घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलं सोबत जातात. अंगणवाडीचा आहार गावात राहतो, मूल भट्टीवर. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. हळहळ ओसरली, वीटभट्टीची वाट मात्र आजही तीच आहे.

यावरचा उपाय आपल्याच मातीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं गुरांमागे रानात जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. मग अंगणवाडी वीटभट्टीवर का जाऊ नये? ज्या तालुक्यात भट्टी, त्या तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याने तिथल्या प्रत्येक मुलाची नोंद करावी, वजन घ्यावं, आहार द्यावा, आणि त्याची लेखी माहिती मुलाच्या मूळ गावी कळवावी, असा ठराव या परिषदेने करावा. ठरावाचा मसुदा आपल्या हाती दिला आहे. तो कसून तपासा, हव्या तिथे दुरुस्त्या सुचवा. भट्टीवरून आज इथे आलेल्या भगिनींना चर्चेत सर्वांत आधी बोलू द्यावं, एवढी विनंती करून मी अध्यक्ष महोदयांना सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.