थुंकी तपासायला लाजू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. ही यंत्रांविषयी काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण या विषयाशी माझे घरचे नाते आहे.

२०१२ साली माझ्या थोरल्या जाऊबाईंना क्षय झाला. बिड्या वळून घराला हातभार लावणारी बाई. औषध सहा महिन्यांचे होते. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला आणि मीच म्हटले, "अक्का, आता बऱ्या आहात. सारखे दवाखान्यात गेलात तर पेठेत बोभाटा होईल." त्यांनी गोळ्या सोडल्या.

पुढल्या वर्षी दुखणे उलटले. अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात, दांडगे उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. पण हे कळायला थुंकी बाहेरगावी पाठवावी लागली. उत्तर येईतो दोन महिने गेले. तोवर लागू न पडणारे औषध चालू, आणि घरात लहान मुले! पुढे दोन वर्षांच्या औषधांनी अक्का उठल्या. पण इंजेक्शनांनी त्यांचे कान अधू झाले ते झालेच.

आता ट्रूनॅट नावाचे लहानसे यंत्र निघाले आहे. ते बंगळूरच्या बिगटेकने व गोव्याच्या मोलबायोने मिळून घडवले. भारत, पेरू, इथिओपिया व पापुआ न्यू गिनी येथे त्याची परीक्षा झाली आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ते मान्य केले. ते बॅटरीवर चालते, म्हणून लहान दवाखान्यातही ठेवता येते.

चमचाभर विरजणाने पातेलेभर दही होते ना? तसाच थुंकीतील जंतूचा सूक्ष्म अंश यंत्रात ओळखू येईपर्यंत वाढवतात. चिमटीत मावणाऱ्या एका चिपवर तासाभरात क्षय आहे की नाही ते कळते. असला, तर दुसऱ्या चिपवर आणखी तासाभरात रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळते. इतर औषधांसाठी मात्र वेगळ्या तपासण्या लागतात.

भगिनींनो, दोन महिन्यांचे काम दोन-तीन तासांवर आले. पण यंत्र काही आपल्या घरी चालत येणार नाही. दोन आठवडे खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात जा, तिथे तपासणी व औषध फुकट आहे. आणि बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका, कोणाला सोडायला सांगूही नका. मी सांगितले होते, म्हणून आज हे बोलले.