थंड खोलीतली हिरवी बाटली

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय सांभाळणारे ब्रिटनमधले हौशी लोक रॉटिफर हे सूक्ष्म प्राणी पोसण्यासाठी वनस्पती-प्लवक घरीच बाटल्यांतून वाढवतात. बहुतेकांची पसंती नॅनोक्लोरॉप्सिसला. पेशी जेमतेम २ ते ५ मायक्रोमीटरची. हिवाळ्यात गॅरेज गारठलं की बाटली फिकी पडते आणि सारा दोष थंडीच्या माथी बसतो. माझ्या मते अशा बहुतेक बाटल्या थंडीने जात नाहीत, थंडीतही उन्हाळ्याचाच शिरस्ता चालू ठेवल्याने जातात.

पुरावा समुद्रातच आहे. उत्तर अटलांटिकमध्ये वसंतात प्लवकांचा जो प्रचंड बहर येतो, तो अजून गारढोण असलेल्या पाण्यात. समुद्रशास्त्रज्ञ स्वेरड्रुप यांनी १९५३ साली त्याचं कारण मांडलं ते प्रकाश आणि पाणी घुसळलं जाण्याची खोली यांच्या मेळात. त्या मांडणीवर पुढे वाद झाले, पण पाणी गार असूनही बहर येतो याबद्दल वाद नाही. आपल्या अरबी समुद्राच्या उत्तर भागात तर हिवाळाच बहर आणतो: कोरड्या वाऱ्यांनी वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं, खालची पोषकद्रव्यं वर येतात. अर्थात, तिथलं ‘गार’ पाणी स्कॉटलंडच्या माणसाला कोमटच वाटेल.

मग बाटलीत बिघडतं काय? समुद्रशास्त्रज्ञ एप्ली यांनी १९७२ साली प्लवकांच्या अनेक जातींच्या वाढीची आकडेवारी एकत्र केली. तीवरून काढलेली वाढीची कमाल मर्यादा दर १० अंशांमागे सुमारे १.८८ पटीने बदलते. एखाद्या जातीचा वेग याहूनही झपाट्याने उतरू शकतो. म्हणजे २५ अंशांवर रोज दुप्पट होणाऱ्या बाटलीला १५ अंशांवर जवळपास दोन दिवस तरी हवेत. तरीही रोज अर्धी बाटली काढून तेवढंच ताजं पाणी घातलं, तर उरलेल्या पेशी विरळ होत जाणारच. दुसरी गोष्ट दिव्याची. रंगद्रव्यं प्रकाश टिपतात त्या क्रियेवर तापमानाचा परिणाम फार थोडा. कार्बन बांधणारी विकरं मात्र मंदावतात. कालचाच दिवा आज जास्त होतो, पेशी हरितद्रव्य कमी करते आणि हिरवा रंग पिवळट होतो. हा पिवळेपणा उपासमारीचा समजून लोक खत वाढवतात, ते तसंच पाण्यात पडून राहतं. दिवा थोडा दूर सारायचा असतो, काढणी लांबवायची असते.

कुणी म्हणेल, समुद्रात थंडीला सोसणाऱ्या जाती आपोआप पुढे येतात, बाटलीत आपण एकच टाकतो. हा आक्षेप खरा आहे. ताहितीहून आलेलं आयसोक्रायसिस नावाचं प्लवक उबेचंच. त्याला वेळापत्रक बदलून भागणार नाही. दुसरा आक्षेप असा, की संथ बाटलीत फुकटखाऊ सूक्ष्मजीवांना आयतं रान मिळतं. पण थंडीत तेही मंदावतात; शिवाय ते येतात हवेच्या नळीतून, न धुतलेल्या हातांतून आणि रॉटिफरच्या डब्यातल्या चमच्यावरून, आणि या वाटा उन्हाळ्यातही उघड्याच असतात. ताहितीच्या पाहुण्यासाठी मात्र ऊब द्यावीच: बाटल्या पाण्याच्या टबात ठेवून मत्स्यालयाचा साधा हीटर टबात सोडावा. त्यासाठी अख्खं गॅरेज तापवण्याचं कारण नाही.