गोंधळ आवरायचा कसा?

५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने ठराव करून १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले. अध्यक्षपद तेव्हा रिकामे होते आणि आसनावर तालिका अध्यक्ष होते. त्यांच्याशी दालनात गैरवर्तन झाल्याचा आरोप होता, आमदारांना तो मान्य नव्हता. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले. त्यामागचे तर्कशास्त्र ध्यानात घेण्याजोगे आहे. विधानसभेचा नियम पायरीपायरीने जातो: आधी त्या दिवसापुरते बाहेर, आणि त्याच अधिवेशनात पुन्हा तसेच घडले तर उरलेल्या अधिवेशनापुरते. म्हणजे कामकाज सुरळीत चालावे एवढाच निलंबनाचा हेतू. अद्दल घडवणे हा नव्हे. आमदाराची जागाच रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मात्र आमदार कागदावर असतो आणि मतदारसंघाच्या वतीने बोलणारे कोणीच नसते. म्हणून न्यायालयाला ही शिक्षा हकालपट्टीहूनही वाईट वाटली.

अध्यक्षांच्या हाती अधिकार कमी आहेत असे मुळीच नाही. लोकसभेत अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्या सदस्याने खाली बसायचे आणि साऱ्यांनी शांतपणे ऐकायचे, हा लेखी नियम आहे. अध्यक्ष असभ्य शब्द कामकाजातून वगळू शकतात. छापील वृत्तांतात मग त्या जागी फुल्या दिसतात आणि तळटीप येते. सदस्याला दिवसभरासाठी बाहेर पाठवता येते, नाव घेऊन ठरावाने निलंबित करता येते, सभागृह तहकूब करता येते. २००१ च्या डिसेंबरात नियम ३७४-अ आला. हौद्यात उतरून किंवा घोषणा देऊन जाणूनबुजून कामकाज रोखणाऱ्याचे अध्यक्षांनी नाव घेतले, की तो आपोआप पाच बैठकांसाठी निलंबित होतो. शिवाय सुव्यवस्था राखण्यासाठी केलेल्या या कारवाईबद्दल अध्यक्षांना कोर्टात खेचता येत नाही. घटनेच्या १२२ व्या अनुच्छेदाने तसे संरक्षण दिले आहे. इतके असूनही गोंधळ थांबत नाही. तेव्हा उणीव अधिकारांची नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

मार्च १९८९ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाच्या अहवालावरून लोकसभेत गदारोळ झाला आणि ६३ खासदार एका दिवसात निलंबित झाले. तेव्हा काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. डिसेंबर २०२३ मध्ये भाजपचे बहुमत असताना दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ खासदार बाहेर गेले. त्यांची मागणी काय होती? संसदेच्या सुरक्षेत झालेल्या घुसखोरीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे. ते बाहेर असतानाच फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयके मंजूर झाली. आरडाओरडा थांबला, हे खरे. पण या विधेयकांवर ज्यांनी खोचक प्रश्न विचारायचे, त्यांतले बहुतेक जण सभागृहात नव्हतेच. महाराष्ट्रात २०२१ साली सत्तेत महाविकास आघाडी होती आणि निलंबित झालेले आमदार भाजपचे होते. तेव्हा हा दोष एका पक्षाचा नाही. ज्याच्या हाती बहुमत, त्याला निलंबन सोयीचे वाटते.

यावर कोणी म्हणेल, राजदंड पळवणाऱ्यांची आणि कागद भिरकावणाऱ्यांची आरती ओवाळायची का? तर नाही. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगण विधेयकाच्या वेळी लोकसभेत मिरपुडीचा फवारा मारला गेला. अशा वेळी अध्यक्षांनी निलंबनाचे हत्यार उगारलेच पाहिजे, आणि त्या दिवशी ते उगारले गेलेही. पण तिखट डोळ्यांत उडवणारा आणि चर्चेची मागणी करत फलक धरणारा, हे दोघे एका मापाने मोजता येत नाहीत. पहिल्याला बाहेर काढावे. दुसरा हौद्यात का उतरला, हे मात्र आधी विचारायला हवे. बहुतेकदा उत्तर एकच येते: स्थगन प्रस्ताव दिला होता, तो दालनातच फेटाळला गेला, आणि विषय मांडायची दुसरी वाट उरली नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. निवडून आलेल्या सरकारला काम करायचे असते. विरोधकांना हवा तितका वेळ दिला तर एकही विधेयक पुढे सरकणार नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने हा पेच आपल्याआधी भोगला. १८८१ साली आयरिश सदस्यांनी सलग ४१ तास बैठक लांबवली. शेवटी अध्यक्ष ब्रँड यांनी नियमाचा आधार नसताना, केवळ स्वतःच्या अधिकारात चर्चा बंद केली. पुढे चर्चा आटोपती घेण्याचे रीतसर नियम झाले. पण आज तिथे दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे: प्रत्येक अधिवेशनात २० दिवस विरोधी पक्षांचे, त्या दिवशी विषय ते ठरवणार. सरकारला वेळापत्रक मिळाले, विरोधकांना पाळी मिळाली. आपल्याकडे वेळापत्रक आले, पाळी आली नाही. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे असतात. विरोधी पक्षाच्या नावावर एकही दिवस नाही. त्यांचा विषय घ्यायचा की नाही, हे अध्यक्षांच्या संमतीवर आणि सरकारच्या सोयीवर ठरते.

आणि अध्यक्ष तर बहुमतातूनच निवडले जातात, मग ते निःपक्ष कसे राहणार? ही शंका खोटी नाही. संजीव रेड्डींनी १९६७ मध्ये अध्यक्ष होताच पक्षाचा राजीनामा दिला. तो पायंडा पुढे रुळला नाही. घटनेने मात्र एक दार उघडे ठेवले आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्याविरुद्ध डिसेंबर १९५४ मध्ये पदच्युतीचा ठराव आला, तेव्हा आसनावर उपाध्यक्ष अय्यंगार बसले, चर्चा झाली आणि ठराव फेटाळला गेला. पण हा उपाय टोकाचा आहे, आणि बहुमतापुढे तो टिकत नाही. रोजच्या कामात अध्यक्षांच्या मनाच्या मोठेपणावर विसंबण्यापेक्षा त्यांच्या मर्जीचा प्रश्नच येणार नाही अशी तरतूद करणे शहाणपणाचे. अधिवेशनाच्या प्रत्येक आठवड्यात एक दिवस विरोधी पक्षाचा, विषय त्यांचा, आणि उत्तर द्यायला संबंधित मंत्री हजर, एवढे नियमांत लिहून टाकावे. त्यानंतरही कोणी हौद्यात उतरला, तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवताना अध्यक्षांवर पक्षपाताचा आरोप करणे त्याच्याच मतदारांना पटणार नाही.